अंतर्भूत अवलंबने, मुक्तस्रोत आज्ञावलींतील

एखादी संगणक आज्ञावली स्वतःच्या कार्यासाठी इतरांनी लिहिलेल्या ज्या घटकांवर विसंबून असते, त्यांना तिची अवलंबने म्हणतात. असा घटक बहुधा लायब्ररीच्या, म्हणजे अनेक आज्ञावलींना उपयोगी पडणाऱ्या उपआज्ञावलींच्या संग्रहाच्या, स्वरूपात असतो. लायब्ररी संगणकावर स्वतंत्रपणे स्थापित केलेली असून अनेक आज्ञावली ती सामाईकपणे वापरीत असतील, तर ते बाह्य अवलंबन होय. याउलट तिच्या संहितेची प्रत आज्ञावलीच्या पॅकेजमध्येच समाविष्ट केलेली असल्यास त्यास अंतर्भूत अवलंबन म्हणतात. मुक्तस्रोत संहिता परवान्याच्या अटी पाळून कोणासही बदलता व पुन्हा वितरित करता येते. त्यामुळे अशा प्रती करणे सुलभ असते.

कारणे : लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती वापरली जाईल, याची निश्चिती प्रत अंतर्भूत केल्याने होते. वापरणाऱ्यास ती वेगळी मिळवावी लागत नाही. शिवाय लेखकाला लायब्ररीत स्वतःस सोयीचे बदल करता येतात. तथापि ही प्रत मूळ लायब्ररीपासून तुटलेली असते. मुळात झालेली दुरुस्ती तिच्यात आपोआप येत नाही.

परिणाम : या दोषाचे ठळक उदाहरण म्हणजे झेडलिब ही विदा-संक्षेपणाची लायब्ररी. झाँ-लू गायी व मार्क ॲडलर यांनी लिहिलेली ही लायब्ररी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली व असंख्य आज्ञावलींत वापरली जाऊ लागली. मार्च २००२ मध्ये तिच्या १.१.३ या आवृत्तीत स्मृतीचा एकच भाग दोनदा मुक्त होण्याचा सुरक्षा-दोष उघडकीस आला आणि १.१.४ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. सामाईक लायब्ररी वापरणाऱ्या आज्ञावलींना ही एक दुरुस्ती पुरेशी होती. परंतु आरसिंकसारख्या आज्ञावलींत, तसेच लिनक्सच्या गाभ्यातही, झेडलिबच्या स्वतंत्र प्रती होत्या. त्या एकेक शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रांसाठीच्या लिबवेबपी या लायब्ररीतील दोषाबाबत हाच अनुभव पुन्हा आला.

कार्यपद्धती : पॅकेज अद्ययावत करताना प्रथम नव्या आवृत्तीतील परकीय संहिता हुडकतात. स्वतंत्र निर्देशिका, निराळ्या लेखकांची नावे व निराळे परवाने यांवरून ती ओळखता येते. नंतर प्रत्येक प्रत मूळ लायब्ररीच्या त्याच आवृत्तीशी ताडून पाहतात. प्रत अविकृत असल्यास ती काढून टाकून आज्ञावली सामाईक लायब्ररीशी जोडतात व चाचण्या घेतात. प्रतीत बदल केलेले असल्यास ते मूळ लेखकांकडे स्वीकारार्थ पाठविणे इष्ट असते. ते स्वीकारले जाईपर्यंत प्रत ठेवणे भाग पडल्यास तिचे नाव, आवृत्ती व परवाना यांची नोंद करतात. नव्या आवृत्तीबरोबर नव्या प्रतीही येत असल्याने ही तपासणी दर वेळी करावी लागते.

प्रत काढून टाकणे नेहमीच निर्धोक नसते. आरसिंकमधील झेडलिबमध्ये तिच्या लेखकांनी संक्षेपणविषयक बदल केलेले होते. सामाईक झेडलिबशी जोडलेल्या आरसिंकला जुन्या पद्धतीचे संक्षेपण वापरणाऱ्या दुसऱ्या संगणकाशी त्या पद्धतीने व्यवहार करता येत नाही. म्हणून अविकृत झेडलिबशी जुळणारी दुसरी संक्षेपण-पद्धती आरसिंकमध्ये उपलब्ध करून देण्यात आली.

वितरणांची धोरणे : डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणानुसार, लायब्ररी मुळातच अशा वापरासाठी लिहिलेली नसेल, तर पॅकेजने अंतर्भूत प्रत वापरू नये. फेडोरा या वितरणात पूर्वी अशा प्रतींना अपवाद म्हणूनच परवानगी मिळे. २०१५ मध्ये हा नियम शिथिल करण्यात आला. मूळ लेखकांनी सामाईक लायब्ररी वापरण्याची सोय ठेवलेली नसल्यास प्रत ठेवता येते; मात्र पॅकेजच्या माहितीत तिची नोंद अनिवार्य आहे. या नोंदीमुळे एखाद्या लायब्ररीत दोष आढळताच तिच्या नोंदलेल्या प्रती कोणकोणत्या पॅकेजांत आहेत, हे तत्काळ कळते. अंतर्भूत प्रत पूर्णपणे टाळता आली नाही, तरी ती अज्ञात राहू न देणे हे या सर्व पद्धतींचे समान सूत्र होय.