हरवलेली पत्रं परत कशी येतात?

२७ फेब्रुवारी २०११. रविवारचा दिवस. जीमेल वापरणाऱ्या काही जणांनी त्या दिवशी आपली टपालपेटी उघडली, तर ती रिकामी! वर्षानुवर्षं जपलेली पत्रं, फोटो, कागदपत्रं, काहीच दिसेना. हा त्रास एकूण वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.०२ टक्के लोकांना झाला, असं गूगलने नंतर सांगितलं. म्हणजे दहा हजारांत दोघांना. आकडा लहान आहे. पण ज्यांची पेटी रिकामी झाली, त्यांचं सगळंच गेलं होतं.

पुढच्या काही दिवसांत ही पत्रं परत आली. ती कुठून आली? मधल्या काळात ती कुठे होती? आता शाळांचाही बराचसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो, त्यामुळे हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. टपाल सांभाळणाऱ्या संगणकातला डेटाबेस बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि तो सावरतात कसा, हे या लेखात पाहूया. त्यासाठी संगणकाचं विशेष ज्ञान लागणार नाही. किराणा दुकानातली हिशेबाची पद्धत आठवली तरी पुरे.

रोजकीर्द आणि खतावणी

जुन्या पद्धतीच्या दुकानात दोन वह्या असतात. दिवसभरात होणारा प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जातो. मग सवडीने त्यातल्या नोंदी खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. कोणाकडे किती येणं आहे ते खतावणीत चटकन सापडतं. पण घाईच्या वेळी दर गिऱ्हाइकाला खतावणीतलं त्याचं पान शोधत बसणं परवडत नाही. म्हणून आधी रोजकीर्द, मग खतावणी.

ई-मेलचे बरेच सर्व्हर नेमकं हेच करतात. उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा सर्व्हर घेऊ. तो १९९६ साली बाजारात आला आणि पुढे अनेक कार्यालयांत वापरला गेला. त्यात सगळ्यांची पत्रं एका मोठ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. ही झाली खतावणी. तिची सारख्या आकाराची पानं पाडलेली असतात. सुरुवातीला एक पान ४ किलोबाइटचं होतं, २००७ च्या आवृत्तीत ते ८ चं झालं आणि २०१० च्या आवृत्तीत ३२ चं. काही पानांवर प्रत्यक्ष मजकूर असतो, तर काहींवर 'अमुक पत्र तमुक पानावर' अशी अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेचं एक पान जरी खराब झालं, तरी तिच्याखालची शेकडो पत्रं जागेवर असूनही सापडत नाहीत. ग्रंथालयात पुस्तक कपाटात आहे, पण त्याचं कार्ड हरवलंय, तसं.

शेजारी रोजकीर्दही असते. तिला लॉग म्हणतात. नवं पत्र आलं, कोणी एखादं खोडलं, कोणी दुसऱ्या कप्प्यात हलवलं की त्याची नोंद आधी लॉगमध्ये पक्की होते. खतावणीतला बदल तोवर संगणकाच्या स्मृतीत असतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. २००७ पासून एक्स्चेंजची रोजकीर्द प्रत्येकी १ मेगाबाइटच्या क्रमांकित फाइलींमध्ये लिहिली जाते. त्याआधी अशी एकेक फाइल ५ मेगाबाइटची असे.

समजा, अचानक वीज गेली. स्मृती पुसली गेली. खतावणी मागे राहिली, पण रोजकीर्द डिस्कवर आहे. वीज आल्यावर सर्व्हर रोजकीर्द उघडतो आणि न चढवलेल्या नोंदी खतावणीत चढवतो. झालं काम! डेटाबेस 'नीट बंद झालेला नाही' असा संदेश दिसला की पुष्कळ जण घाबरतात. पण हा बिघाड नव्हे. दुकानदार झोपण्यापूर्वी खतावणी पुरी करू शकला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

ताळा चुकला तर?

खरा बिघाड वेगळा. त्यात पानावर लिहिलेलं आणि नंतर वाचलेलं जुळत नाही. डिस्क झिजते, लिहिता लिहिता वीज जाते आणि अर्धं पान नवं तर अर्धं जुनं राहतं, किंवा मधल्या एखाद्या यंत्रणेत दोष असतो.

एका बिटने काय होतं, ते पाहा. देवनागरी अक्षरांना संगणकात क्रमांक दिलेले आहेत. १ या अंकाचा क्रमांक आहे २४०७ आणि ९ चा २४१५. द्विमान पद्धतीत ते असे दिसतात:

१ : १००१०११००१११
९ : १००१०११०११११

दोन्हींत फक्त एका जागचा फरक आहे. त्या जागच्या शून्याचा एक झाला, की एकाचे नऊ होतात. रोमन लिपीतल्या अंकांतही १ आणि ९ यांच्यात असाच एका बिटचा फरक आहे. पत्रातली १ तारीख ९ झाली, तर वाचणाऱ्याला चूक कळणारही नाही!

म्हणून प्रत्येक पान लिहिताना सर्व्हर त्या पानाचा ताळा काढून पानावरच नोंदवतो. वाचताना तो पुन्हा ताळा काढतो. जुळला नाही, तर पानावर विश्वास ठेवत नाही. एक्स्चेंजमध्ये अशा वेळी उणे १०१८ हा त्रुटी क्रमांक येतो. बरेच व्यवस्थापक हा क्रमांक एरवीच्या घाबरगुंडीत नजरेआड करतात. वास्तविक तो उपकारकर्ता आहे, कारण डिस्क दगा देऊ लागल्याची पहिली सूचना बहुधा तोच देतो. २००४ साली या सर्व्हरमध्ये एक सुधारणा झाली आणि पानातला एखादाच बिट बदलला असेल तर तो ताळ्यावरून दुरुस्तही होऊ लागला. त्याहून जास्त नुकसान मात्र फक्त ओळखता येतं, भरून काढता येत नाही.

एका संस्थेत घडलेलं

एका संस्थेतला प्रसंग आम्ही जवळून पाहिला. प्रवेशाचे दिवस होते. सर्व्हरची डिस्क भरत आली होती. जागा कशाने व्यापली ते पाहताना एका कर्मचाऱ्याला सारख्याच आकाराच्या, ओळीने क्रमांक दिलेल्या हजारो फाइली दिसल्या. कोणी त्या उघडत नव्हतं, म्हणून त्याने जुन्या जुन्या पुसून टाकल्या. सर्व्हर चालूच राहिला, आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

दोन दिवसांनी वीज गेली आणि डेटाबेसची काही पानं अर्धवट लिहिली गेली. सर्व्हर उघडेना. बॅकअप होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. तो ठेवून त्यावर तीन आठवड्यांची रोजकीर्द चढवली असती, तर जवळजवळ सगळं परत आलं असतं. पण पुसलेल्या फाइली म्हणजेच ती रोजकीर्द होती!

मग घाईघाईत दुरुस्तीचं साधन चालवलं गेलं, तेही असलेल्या एकमेव फाइलवर. काही तासांनी डेटाबेस उघडला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या आठवड्यात तक्रारी येऊ लागल्या. कोणाच्या पत्राची जोडलेली कागदपत्रं रिकामी, कोणाचा एक कप्पाच नाहीसा. किती अर्ज गेले, याची यादी कोणालाच करता आली नाही. करणार तरी कशी? जे पान गेलं, त्यावर काय होतं ते सांगणारं दुसरं काहीच शिल्लक नव्हतं.

इथे 'दुरुस्ती' हा शब्दच फसवा आहे. हे साधन फाटलेलं पान जोडत नाही. ज्या पानाचा ताळा चुकतो ते काढून टाकतं आणि उरलेल्या पानांची वही पुन्हा शिवतं. वही उघडते, हे खरं. पण ती पूर्वीची वही नव्हे. शिवाय एकदा अशी दुरुस्ती झाली की आधीच्या रोजकीर्दीच्या नोंदी तिच्यावर चढवता येत नाहीत. परतीची वाट बंद होते.

मग क्रम कोणता?

जाणकार मंडळी पुढील क्रमाने जातात.

पहिली पायरी: हात आवरणं. सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहायचा नाही. डेटाबेस आणि सगळे लॉग आहेत तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. एखादा प्रयोग फसला, तरी मूळ तसंच राहतं.

दुसरी पायरी: निदान. डेटाबेसच्या सुरुवातीच्या पानावर तो नीट बंद झाला होता की नाही आणि कोणत्या क्रमांकाच्या लॉगपासून नोंदी चढवायच्या आहेत, हे लिहिलेलं असतं. ते वाचायचं, काही बदलायचं नाही. डिस्क आजारी असेल, तर आधी ती बदलायची.

तिसरी पायरी: पानं ठीक असतील, तर राहिलेल्या नोंदी चढवायच्या. यात काही गमवावं लागत नाही.

चौथी पायरी: पानं खराब असतील, तर जुना निरोगी बॅकअप ठेवून त्यावर तेव्हापासूनची सगळी रोजकीर्द चढवायची. वेळ लागतो, पण अगदी अलीकडचं पत्रसुद्धा परत येऊ शकतं.

पाचवी आणि शेवटची पायरी: बॅकअप किंवा लॉग नसतील तरच दुरुस्ती, तीही प्रतीवर. नंतर जुना बॅकअप शेजारी उघडून हरवलेली जुनी पत्रं त्यातून भरून काढायची आणि सगळ्या पेट्या नव्या डेटाबेसमध्ये हलवायच्या.

'पण तोवर टपाल बंद ठेवायचं का?' असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. घाई होते ती याच भीतीने. तिचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला आपला सर्व्हर भेटला नाही तर तो लगेच हार मानत नाही. तो पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ई-मेलच्या नियमावलीत अशा प्रयत्नांसाठी किमान चार-पाच दिवसांची मुदत सुचवलेली आहे. दुसरा भाग असा, की सगळ्यांना तात्पुरती रिकामी पेटी देता येते. नवी पत्रं येऊ-जाऊ लागतात, जुनी सावरली की ती त्यात मिसळतात. म्हणजे 'लवकर की पूर्ण' यातलं एकच निवडायची सक्ती नसते. त्या संस्थेत हे कोणाला ठाऊक असतं, तर घाईचं कारणच उरलं नसतं.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

आता जीमेलकडे परत येऊ. गूगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत ठेवत होतं. तरी पेट्या रिकाम्या कशा झाल्या? साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुकताच एक बदल केला होता आणि त्यात दोष होता. त्या दोषाने काही पत्रांच्या अनेक प्रती पुसल्या. चालू प्रत आरशासारखी असते. चेहऱ्यावर शाई सांडली की आरशातल्या चेहऱ्यावरही ती दिसतेच. डिस्क मोडली तर दुसरी प्रत वाचवते, पण 'पुसा' हा चुकीचा हुकूमही ती तितक्याच इमानाने पाळते.

पत्रं वाचली ती चुंबकीय फितींमुळे. फिती यंत्रणेपासून तोडून बाजूला ठेवलेल्या होत्या, म्हणून दोषाचा हात तिथवर पोचला नाही. फितींवरून पत्रं उतरवायला वेळ लागला. त्या मधल्या काळात आलेली काही नवी पत्रं पाठवणाऱ्यांकडे परतही गेली. पण जुना ठेवा सापडला.

वर्गात करून पाहा

१. ४७२६ या संख्येचा नवाचा ताळा काढा: ४+७+२+६ = १९, १+९ = १०, १+० = १. आता पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७४२६ चा ताळा काढा. तोही १! म्हणजे ही चूक नवाच्या ताळ्याला दिसत नाही. आता प्रत्येक अंकाला त्याच्या जागेच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा. पहिल्या संख्येची ४८ येते, दुसरीची ४५. चूक पकडली! याहून चांगला ताळा मुलांना सुचतो का पाहा.

२. फळ्यावर चार कप्प्यांचं कपाट काढून त्यात दहा पुस्तकांची नावं लिहा. ही स्थिती एका मुलीच्या वहीत उतरवून ठेवा. हा बॅकअप. मग वीस बदल करा आणि दुसऱ्या मुलाला ते क्रमाने लिहायला सांगा: 'तिसऱ्या कप्प्यातलं दुसरं पुस्तक चौथ्या कप्प्याच्या शेवटी ठेवलं', असे. फळा पुसा. दोन्ही वह्यांवरून वर्गाने कपाट पुन्हा उभं करावं. नंतर बदलांच्या यादीतली सातवी ओळ झाकून तेच पुन्हा करायला सांगा. आठव्या ओळीपासून पुढे काय होतं, ते मुलं स्वतःच सांगतील.

आणि एक काम शिक्षकांसाठी. आपल्या शाळेचं टपाल आणि निकाल सांभाळणाऱ्या व्यक्तीला 'बॅकअप घेता का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येईल. 'मागच्या बॅकअपमधून एखादं पत्र प्रत्यक्ष बाहेर काढून शेवटचं कधी पाहिलं?' असं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्याच आठवड्यात दोघांनी मिळून एक पत्र काढून पाहा.