मंडपमचे तराफे

रामेश्वरला जाणारी गाडी पांबनचा पूल ओलांडण्याआधी मंडपमला थांबते. इथे उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचे आखात. मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. उत्तरेच्या उथळ पाण्यात बांबूचे चौकोनी तराफे तरंगतात, त्यांच्याखाली कप्पाफायकस नावाचे समुद्री शेवाळ वाढते. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करणारे कॅराजीनन यातून मिळते.

तराफा साधारण 3 मीटर लांब-रुंद. त्याला 20 दोऱ्या, दोरीला ठरावीक अंतरावर बांधलेले शेवाळाचे तुकडे. खाली जाळे ताणतात, नाहीतर मासे पीक फस्त करतात. 60 किलो बियाणे लावले की 45 दिवसांत अडीचशे किलोच्या आसपास पीक निघते. पुढच्या लावणीचे 60 किलो बाजूला काढून बाकीचे वाळूवर वाळवले की वजन दहाव्या हिश्शावर येते. खत नाही, गोडे पाणी नाही, सातबाराही नाही. मला या शेतीचे मोल सर्वांत जास्त वाटते ते इथे, कारण तराफे बांधणाऱ्यांत मोठा वाटा बचत गटांतल्या, जमीन नसलेल्या कोळी बायकांचा आहे.

याच किनाऱ्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारून रानटी शेवाळ गोळा करत आल्या. बोटे कापू नयेत म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळतात. मन्नारच्या आखातात 1986 साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांच्या कामावर बंधने आली. तरी महिन्यात 12 दिवसच शेवाळ काढायचे, हा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. त्यांच्या नेत्या लक्ष्मी यांना 2015 चे सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले. लागवड वाढली तर रानटी शेवाळावरचा ताण हलका होईल, असा या शेतीच्या बाजूचा एक सबळ मुद्दा आहे.

कार्बनचा मुद्दा मात्र जरा जपून मांडायला हवा. शेवाळ कार्बन शोषते हे खरे, पण ते खाल्ले किंवा कुजले की बराचसा कार्बन परत हवेत जातो. त्यापेक्षा पक्का लाभ पाण्याचा. सांडपाण्यातून आणि मत्स्यशेतीतून समुद्रात उतरणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळ शोषून घेते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने मोदा माशांच्या पिंजऱ्यांजवळ तराफे लावून पाहिले, तेव्हा पीक वाढलेले दिसले.

पण हे शेवाळ इथले नव्हे. मूळ फिलिपिन्सचे, 1984 साली जपानमार्गे भारतात आलेले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते सौराष्ट्रात रुळवले आणि पुढे मंडपमला आणले. लागवड तुकडे तोडून होते, त्यामुळे सगळे पीक एकाच वंशाचे. 2012-13 मध्ये वाळलेले उत्पादन सुमारे 1500 टनांवर गेले. त्यानंतर पाणी तापले, रोपे मेली आणि उत्पादन कोसळले. कुरुसडै बेटाजवळ हेच शेवाळ सुटून प्रवाळांवर पसरल्याचे 2008 साली संशोधकांनी नोंदवले. तामिळनाडू सरकारने 2005 मध्येच या लागवडीच्या जागांवर मर्यादा घातली होती. ती मला योग्य वाटते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी 640 कोटी रुपये ठेवले गेले. त्यातला मोठा हिस्सा सकस बियाण्यावर आणि ग्रासिलेरियासारख्या देशी जातींवर जावा, असे मला वाटते. नुसती तराफ्यांची संख्या वाढवल्याने 2013 नंतरसारखी पडझड टळणार नाही.

भावनगरच्या संस्थेने आणखी एक मोलाची वाट काढली. ताजे कप्पाफायकस पिळून निघणारा रस पिकांवर फवारता येतो आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढता येते, म्हणजे एकाच पिकाची दोन उत्पन्ने. इफ्कोचे ‘सागरिका’ याच घराण्यातले, महाराष्ट्रातल्या कृषी सेवा केंद्रांतही ते मिळते.

कोकणात तराफे टाकायचे तर पावसाळ्यातला खवळलेला समुद्र आडवा येतो. जूनपूर्वी सगळे काढावे लागेल आणि पाऊस ओसरेपर्यंत बियाणे किनाऱ्यावरच्या टाक्यांत जिवंत ठेवावे लागेल. टाक्या कोण बांधणार, त्यातले पाणी रोज कोण बदलणार आणि बियाणे मेले तर नुकसान कुणाच्या माथी, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बचत गटांशी पहिला तराफा बांधण्याआधी ठरवायला हवे.