हौसेची मोटार आणि घरचा हिशेब

मैत्रिणींनो, हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो खरं, पण हौसेला खर्च असतो आणि तो दर महिन्याला असतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाची जमीन महामार्गात जाते, मोबदला हाती येतो आणि घरातला तरुण मुलगा मोबाइलवर वेगवान मोटारींची चित्रं दाखवू लागतो. अशी मोटार बाळगणाऱ्यांचा अनुभव काय, हे म्हणूनच आपणही जाणून घ्यायला हवं. ‘त्यातलं बायकांना काय कळतं?’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. पैसा घरचाच जायचा असतो!

आपल्या सर्वांना ठाऊक असलेली अशी मोटार म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी. २००२ साली त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्याला ‘३६० मोडेना’ भेट दिली. भेट फुकटची, पण आयात कर एक कोटीच्या वर! २००३ मध्ये सरकारने तो माफ केला, त्यावर गदारोळ उठला, आणि अखेर कर कंपनीने भरला. पुढे २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

ही गाडी ४०० अश्वशक्तीची, ताशी २९० किलोमीटरच्या वर पळणारी. माणसं बसणार दोनच. इंजिन पाठीमागे आणि सामान पुढच्या झाकणाखाली. ज्यांनी ती बाळगली, ते तिचं कौतुक भरभरून करतात. पाठीमागून येणारा इंजिनचा आवाज, वळणावर रस्ता धरून ठेवणारी चाकं, याची सर दुसऱ्या कशाला नाही म्हणतात. ते खोटं नाही.

पण रोजच्या वापराचं विचारलं की सूर बदलतो. गाडी जमिनीलगत, त्यामुळे चढ-उतारावर पुढचा ओठ घासतो. आत बसताना-उठताना कंबर वाकवावी लागते. गर्दीत सारखं थांबत चालवलं की क्लच लवकर झिजतो. इंजिनचा पट्टा गाडी पळो न पळो, साधारण तीन वर्षांनी बदलायचा. नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, म्हणून चार्जर लावून ठेवायचा. आणि गंमत बघा, उष्णतेने नि वयाने आतली बटणं चिकट होतात, अगदी आपल्या जुन्या डब्यांच्या झाकणांसारखी!

सर्वांत महत्त्वाचा धडा जुन्या गाडीचा. वापरलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून लोक भुलतात. पण किंमत उतरली तरी सुट्या भागांचे दर उतरत नाहीत. हत्ती स्वस्तात मिळाला, तरी तो खाणार हत्तीएवढंच.

आता आपला सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्ता आठवा. रस्ता चौपदरी झाला आहे, पण नवरात्रात आणि कोजागिरीला आईच्या दर्शनाला पायी जाणारे भाविक याच वाटेवर असतात. उसाच्या हंगामात अंधारात ट्रॉल्या पुढे येतात. गावागावांत गतिरोधक आहेत. इथे ताशी २९० चा वेग काय कामाचा? तो दुसऱ्याच्या जिवाला घोर. आणि दोनच जागा असल्यावर सासूबाईंना देवीला न्यायचं कुठे बसवून?

तेव्हा फेरारी असो, मोठी मोटार असो की मुलाची भारी मोटारसायकल, घेण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा. वर्षाचा विमा, टायर नि दुरुस्ती किती? दुरुस्त करणारा किती लांब? आणि तीन वर्षांनी विकली तर हाती काय उरेल? मोबदल्याची रक्कम एकदाच येते, तिची जमीन पुन्हा होत नाही. म्हणून आधी मुलांचं शिक्षण नि म्हातारपणाची ठेव बाजूला काढा.

त्यातून उरलं तर हौस जरूर करावी. मात्र हिशेबाच्या वहीत ती ‘गरज’ या सदरात लिहू नये, ‘हौस’ म्हणूनच लिहावी. तसं लिहिलं की ती किती झेपते, हे आकडेच सांगतात, आणि घरात वाद घालायची वेळ येत नाही.