एकशे अठरा मिलिमीटर

गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, काचेच्या कपाटात एक पिस्टन ठेवलेला आहे. खाली चिठ्ठी : ‘जे. आर. डी. टाटांच्या पहिल्या टपाल विमानाचा.’ घरातल्या काकांचे वडील जुहूच्या विमानतळावर मेकॅनिक होते. १९५०च्या सुमारास त्यांनी तो घरी आणला. आता चाळ पुनर्विकासात जाणार, म्हणून पिस्टन एखाद्या संग्रहालयाला द्यावा असं काकांच्या मनात आलं आणि त्याआधी ‘एकदा तुम्ही बघा’ म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी इंजिनिअर नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. त्यांचा व्हर्नियर कॅलिपर माझ्याकडे आला आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुनी इंजिन-पुस्तकं धुंडाळायची खोड मला लागली. एवढंच माझं भांडवल.

आधी चुंबक लावलं. चिकटलं नाही, म्हणजे बिडाचा नाही, अॅल्युमिनियमचा. पण ट्रकचे पिस्टनही अॅल्युमिनियमचे असतात, तेव्हा एवढ्यावर उडी मारू नये. चोरबाजारात ‘विमानाचा’ म्हणून विकले जाणारे बरेचसे ट्रकचेच असतात. मग पिस्टन उलटा करून रॉकेलच्या फडक्याने आतली काजळी पुसली. गजन पिनच्या भोकाजवळ भागाचा क्रमांक आणि तपासनिसाचे बारीक ठसे दिसले. विमानाच्या इंजिनाचा प्रत्येक महत्त्वाचा भाग तपासून त्यावर शिक्का मारायची पद्धत होती. ट्रकच्या भागाचे एवढे लाड कुणी करत नाही. क्रमांक डी हॅविलंड कंपनीच्या जिप्सी जातीच्या इंजिनांकडे बोट दाखवत होता.

इथवर चिठ्ठी खरी ठरण्याच्या वाटेवर होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते डी हॅविलंडच्याच पस मॉथ विमानातून. काकांचे डोळे चमकले. माझेही चमकले असतील, खोटं कशाला सांगू?

पण पस मॉथला बसवायचे ते जिप्सी थ्री हे इंजिन. त्याच्या सिलिंडरचा व्यास ११४ मिलिमीटर. त्याच १९३२ साली आलेल्या जिप्सी मेजरचा ११८. दोन्ही चार सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि दोन्हींत पिस्टन खाली लटकतात, जेणेकरून वैमानिकाला समोरचं नीट दिसावं. नुसतं रूप पाहून फसायला होतं; फरक मोजण्यातच कळतो. पिस्टनचा माथा उष्णतेने जास्त फुगतो म्हणून तो मुळातच थोडा लहान ठेवतात, तेव्हा माप घ्यायचं ते खालच्या पदराचं, गजन पिनला काटकोनात. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ११७च्या वर काटा.

झिजून पिस्टन लहान होतो, कधी मोठा होत नाही. सिलिंडर घासून मोठा पिस्टन बसवतात, हे खरं; पण त्यात तीन मिलिमीटरची वाढ होत नाही. हा पिस्टन १९३२च्या त्या इंजिनात शिरलाच नसता.

जिप्सी मेजर हे टायगर मॉथचं इंजिन, ज्यावर फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी उडायला शिकली. १९८२ साली, म्हणजे गिरण्यांचा संप चालू होता त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे. आर. डीं.नी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून, आणि त्यातही जिप्सी मेजरच. पण तेव्हा हा पिस्टन तीस वर्षं कपाटात होता. शिवाय इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवतात, त्याची नोंदवही वेगळी असते. सुट्या पिस्टनवरून विमानाचं नाव काढता येत नाही.

हे काकांना सांगणं मोजण्यापेक्षा अवघड गेलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आमचे दादा खोटं बोलले?”

मी चिठ्ठी मागितली. अक्षर निळ्या बॉलपेनचं, वळणदार, शाळकरी.

“ही दादांनी लिहिली?”

“नाही, मी. दादा ‘जुहूच्या विमानाचा’ म्हणायचे. वर्गात दाखवायला नेला तेव्हा मी टाटांचं नाव घातलं.” आणि ते एकदम हसले.

नवी चिठ्ठी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली : ‘जिप्सी मेजर इंजिनाचा पिस्टन. जुहू.’ खाली त्यांनी स्वतः वडिलांचं नाव घातलं आणि पुढे ‘मेकॅनिक’.