इस्पितळाची बाजू

मंडळी, विम्याचे कार्ड दाखवले की उपचार फुकट, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण इस्पितळाला पैसे कसे मिळतात, हेही समजून घ्या.

२०१२ साली महाराष्ट्रातल्या ८ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली. डॉक्टर म्हणतात, पैशावाचून माघारी जाणारा रोगी आता शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो, हे मोठेच काम झाले.

गाऱ्हाणी मात्र दोन. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला. दुखणे चिघळून खर्च वाढला, तरी रक्कम बहुधा तेवढीच. आणि तीही रोगी घरी गेल्यावर, कागद तपासून, पुष्कळदा उशिरा हाती येते. औषधांची बिले नि नोकरांचे पगार थोडेच थांबतात? म्हणून लहान इस्पितळे योजनेत यायला कचरतात, आणि खेड्यातल्या रोग्याला दूर शहर गाठावे लागते.

आपल्या हाती एवढे आहे: शिधापत्रिका व आधार यांवरचे नाव जुळते का, ते आजच पाहा. इस्पितळात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला भेटा. आणि गुरुजी, पुढच्या पालकसभेत हे अवश्य सांगा.