गेमिंग लॅपटॉप आणि लूमची रुई

जेकार्डची डिझाइने काढण्यासाठी आम्ही गेमिंग लॅपटॉप घेतला. यंत्र खेळासाठी बनलेले, पण ग्राफिक्सचे जड काम झपाट्याने करते. चार महिन्यांत ते निखाऱ्यासारखे तापू लागले आणि ऐन ईदच्या मालाच्या घाईत डिझाइन रेंगाळू लागले. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. आम्ही पैसे मोजायलाच बसलो होतो!

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने तळ उघडला. पंख्यामागच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा थर बसलेला. हवा जाणार कुठून? अशा बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

कारखानदार बांधवांनी साफ करताना पंख्याची पाती धरूनच हवा मारावी, नाहीतर पंखा भरधाव फिरून बिघडतो. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी व तेल असते. लॅपटॉप गादीवर ठेवू नये (आमच्या पेढीची बैठक गादीचीच, चूक तिथेही होती). विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो वेग सहसा बंद होतो व तापमान उतरते. डिझाइनला थोडा वेळ जास्त लागतो. नव्या लॅपटॉपचे पैसे आम्ही सुतात घातले.