विश्लेषण : वाफेच्या जुन्या इंजिनाचे सुटे भाग ओळखतात कसे आणि दुरुस्त करतात कसे?

माथेरानला जाताना नेरळला उतरलेल्या पुणे-मुंबईच्या पर्यटकांनी तिथं जपून ठेवलेलं वाफेचं छोटं इंजिन पाहिलं असेल. राज्यात आणि देशात अशी कितीतरी इंजिनं स्टेशनांबाहेर, रेल्वेच्या कार्यालयांसमोर आणि संग्रहालयांत उभी आहेत. त्यांच्यासमोर फोटो काढताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे पुन्हा चालू करता येईल का?

थोडक्यात उत्तर असं, की बऱ्याचदा येतं. पण त्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात. हे इंजिन नेमकं कोणतं आहे? त्यातलं काय मूळचं आणि काय नंतर बसवलेलं आहे? आणि जे तुटलंय ते दुरुस्त करायचं, नवं बनवायचं की तसंच ठेवायचं?

पुण्याचं आणि वाफेच्या इंजिनाचं नातं किती जुनं?

मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५८ मध्ये, खंडाळा-पुणे मार्गावर गाडी सुरू झाली. मधला बोर घाट तेव्हा पूर्ण झालेला नव्हता. तो १८६३ मध्ये खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग रेल्वेने जोडलं गेलं.

पुणे-मुंबई मार्गावर वीज तशी लवकर आली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पहिल्यापासून विजेच्या इंजिनावर धावली. पण पुण्याच्या पलीकडे, दौंडकडे आणि मिरजेकडे, वाफेचं राज्य पुढची कित्येक दशकं टिकून होतं. आज पुणेकर ज्या कंपनीला मोटारींसाठी ओळखतात, त्या टाटांच्या ‘टेल्को’ने जमशेदपूरला रेल्वेसाठी मीटरगेजची वाफेची इंजिनं बनवली होती.

विदर्भातल्या शकुंतला रेल्वेवरचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं. देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. म्हणजे ही इंजिनं बंद होऊन फार काळ लोटलेला नाही, पण ती दुरुस्त करणारी माणसं मात्र झपाट्यानं कमी होत आहेत.

इंजिन कोणतं, हे कसं ओळखतात?

पहिली खूण म्हणजे गेज, अर्थात दोन रुळांमधलं अंतर. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर, तर नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिलिमीटर. भारतीय रेल्वेने इंजिनांना दिलेल्या नावातच हे अंतर दडलेलं असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘झेड’ म्हणजे ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज. पुढचं अक्षर काम सांगतं. ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडी, ‘जी’ म्हणजे मालगाडी. म्हणून ‘डब्ल्यूपी’ हे ब्रॉडगेजवरच्या प्रवासी गाड्यांचं इंजिन, तर ‘वायजी’ हे मीटरगेजवरच्या मालगाड्यांचं.

दुसरी खूण म्हणजे चाकांची मांडणी. पुढची छोटी चाकं, मधली एकमेकांना दांड्यांनी जोडलेली मोठी चाकं आणि मागची छोटी चाकं अशा क्रमानं मोजणी होते. डब्ल्यूपीची मांडणी ४-६-२ आणि डब्ल्यूजीची २-८-२. रंग उडालेला असो की नाव पुसलेलं असो, चाकं मोजली की अंदाज येतो.

तिसरी खूण म्हणजे कारखान्याची पाटी. पितळेच्या किंवा बिडाच्या या पाटीवर कंपनीचं नाव, कारखान्यातला अनुक्रमांक आणि वर्ष असतं. अडचण अशी, की सगळ्यात आधी गायब होते तीही हीच पाटी. शिवाय केबिनवर रंगवलेला क्रमांक मूळचाच असेल याचीही खात्री नसते.

माथेरानचंच उदाहरण घेऊ. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिनं आली. ती आज ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ओळखली जातात. पण हे क्रमांक नंतर मिळालेले आहेत. ज्या छोट्या कंपनीकडे जेमतेम चार इंजिनं होती, तिला सातशेच्या घरातले आकडे कशाला लागतील? या चारपैकी ७४० आता ब्रिटनमध्ये आहे, तर ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

मग पाटी नसेल तर खात्री कशी करायची?

त्यासाठी तेलाचा आणि रंगाचा थर खरवडावा लागतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्या, दट्ट्याचा दांडा, आसाची टोकं अशा भागांवर इंजिनाचा क्रमांक पंचने ठोकलेला असतो. शेडमध्ये एकाच जातीची अनेक इंजिनं एकाच वेळी उघडली जायची. भागांची सरमिसळ होऊ नये, म्हणून ही सोय.

तरीही सरमिसळ व्हायचीच. दुरुस्तीला जास्त वेळ लागतो तो बॉयलरला. त्यामुळे इंजिन अडकून पडू नये म्हणून तयार असलेला दुसरा बॉयलर चढवायचे आणि इंजिन कामावर पाठवायचे. म्हणून आज उभं असलेलं एखादं इंजिन म्हणजे सांगाडा एकाचा, बॉयलर दुसऱ्याचा आणि दांडी तिसऱ्याची असं असू शकतं. हा दोष नाही. ती त्या इंजिनाच्या नोकरीची नोंदवही आहे. पण ही नोंदवही वाचण्याआधीच कुणी ग्राइंडर फिरवून भाग चकचकीत केले, तर ती कायमची पुसली जाते.

काही इंजिनं वेगळी का ठरतात?

माथेरानच्या वाटेवर वळणं इतकी तीव्र आहेत, की साधं तीन आसांचं इंजिन तिथं अडकलं असतं. तीन आस सरळ रेषेत घट्ट बसवले, की वळणावर पुढची आणि मागची चाकं रुळांना घासतात. त्यावर उपाय म्हणून या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस आहेत. यात पहिला आणि शेवटचा आस दुहेरी असतो. आत एक भरीव दांडा आणि त्यावर एक पोकळ नळी. चाकं नळीला जोडलेली असतात आणि मधल्या गोलाकार सांध्यामुळे ती वळणावर थोडी तिरकी होतात. दट्ट्याकडून येणारी ताकद मात्र आतल्या दांड्याला मिळत राहते.

दुरुस्तीच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? बाहेरून हा आस इतर आसांसारखाच दिसतो. माहिती नसलेल्या माणसाला त्याची थोडी हालचाल ‘झीज’ वाटू शकते. तो ती घट्ट करायला गेला, तर इंजिन वळणावर रुळावरून घसरेल. भाग ओळखणं म्हणजे नाव माहीत असणं नव्हे, तर तो तसा का बनवला हे माहीत असणं.

तुटलेला भाग नवा बनवता येतो का?

येतो, पण त्यात खाचाखोचा आहेत.

पहिली खाच आट्यांची. जुन्या ब्रिटिश इंजिनांतले नटबोल्ट व्हिटवर्थ पद्धतीचे आणि इंचात असतात. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक बोल्टचा ६० अंशांचा. जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन आटे आत जातो आणि मग अडकतो. जोर लावला की मूळ भागाचे आटे कायमचे जातात.

दुसरी खाच ओतकामाची. बिडाचा एखादा भाग फुटला, की तोच चिकटवून वाळूत साचा काढावा आणि नवा ओतावा असं सहज वाटतं. पण वितळलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्क्यानं आकसतं. म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग जवळपास ३ मिलिमीटरनं तोकडा पडतो. म्हणून मूळ मापापेक्षा मोठा लाकडी पॅटर्न बनवावा लागतो आणि घासून-तासून नेमकं माप गाठण्यासाठी जास्तीची जाडीही ठेवावी लागते. पुणे-कोल्हापूर पट्ट्यातल्या फौंड्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही, पण हौशी मंडळी इथं हमखास चुकतात.

काही कामं मात्र आपल्या ओळखीची आहेत. इंजिनाच्या चाकावर पोलादी कडं असतं. ते तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि थंड होऊ देतात. आकसलेलं कडं चाकाला घट्ट धरतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ती हीच पद्धत. चाकाला तडा आहे का, हे पाहण्यासाठी हातोडीनं ठोकतात. माठ घेताना टिचकी मारतात तसंच. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर गडबड.

सगळ्यात अवघड काम कोणतं?

बॉयलर. घरातला प्रेशर कुकर दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाबावर चालतो. डब्ल्यूपी इंजिनाचा बॉयलर २१० पौंडांवर, म्हणजे चौदा पट दाबावर. त्यात हजारो लिटर पाणी असतं. १ लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १६०० लिटर वाफ होते. बॉयलर फुटला तर काय होईल, हे यावरून कळावं.

भट्टीभोवतीच्या दोन पत्र्यांना शेकडो लहान दांड्या एकमेकांना बांधून ठेवतात. त्यांना ‘स्टे’ म्हणतात. अनेक स्टेंमध्ये मुद्दाम बारीक भोक पाडलेलं असतं. आतून स्टे मोडला, की त्या भोकातून पाणी किंवा वाफ बाहेर येते आणि फायरमनला इशारा मिळतो. हे भोक म्हणजे गळती आहे असं समजून कुणी वेल्डिंगनं बुजवलं, तर इशाराच बंद होतो.

भट्टीच्या छतावर शिसं भरलेला प्लग असतो. पाणी कमी झालं, की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. पाणी संपल्यावर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, त्यामागचं तत्त्व हेच.

जुन्या अनेक इंजिनांची आतली भट्टी तांब्याची असे. तांबं ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्यांना धातूचा हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे जुनी भट्टी दुरुस्त करताना आधी ती तांब्याची की पोलादाची, हे तपासणं गरजेचं असतं.

म्हणूनच बॉयलरच्या बाबतीत अंदाज चालत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्रानं पत्र्याची जाडी मोजली जाते. नळ्या काढून बदलल्या जातात. मग बॉयलरमध्ये काठोकाठ थंड पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. ही चाचणी पार पडल्यावरच आग पेटते. बॉयलरवरच्या जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे ते उघड्या हातांनी, विनामास्क उपटणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

भाग हरवतात कुठे?

सगळेच भाग झिजून जात नाहीत. पितळी झडपा, तांब्याचे पाइप, दाबमापकं आणि पाट्या यांना भंगारात भाव मिळतो आणि संग्राहकांकडेही. १८५५ मध्ये इंग्लंडच्या लीड्समध्ये बनलेलं ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावू लागलं आणि जगभर गाजलं. २०११ मध्ये त्याचेच महत्त्वाचे भाग चोरीला गेल्याचं उघड झालं. पुढे चेन्नईच्या पेरांबूर वर्कशॉपमध्ये त्याची दुरुस्ती झाली. इतक्या प्रसिद्ध इंजिनाची ही गत, तर चौथऱ्यावरच्या अनाम इंजिनाचं काय?

मग चालवावं की नुसतं जपावं?

इथं खरा पेच आहे. इंजिन चालवायचं तर सुरक्षेसाठी जुने भाग काढून नवे बसवावे लागतात. जितकं ते चालेल, तितकं मूळचं कमी होत जाईल. नुसतं उभं ठेवलं तर मूळ भाग राहतात, पण पावसात गंजतात आणि ते चालवायचं ज्ञान विसरलं जातं.

जगात दोन्ही वाटा आहेत. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी पैसे जमवून ‘टोर्नाडो’ हे पूर्ण नवं वाफेचं इंजिन २००८ मध्ये उभं केलं. त्याचा बॉयलर मात्र जर्मनीहून बनवून घ्यावा लागला. भारतात तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने निलगिरी रेल्वेसाठी २०११ पासून नवी वाफेची इंजिनं बनवली. म्हणजे कौशल्य अजून आपल्याकडे आहे.

पण ते किती काळ राहील? १९९५ मध्ये चाळिशीत असलेला फिटर आज सत्तरीत आहे. कुठली झडप किती घट्ट करायची आणि दांडीतून कोणता आवाज आला की बेअरिंग गेलं समजायचं, हे आराखड्यात लिहिलेलं नसतं.

त्यामुळे जाणकार आधी तीन साधी कामं सुचवतात. कुठलाही भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो, माप आणि ठोकलेला क्रमांक नोंदवा. बदललेला जुना भाग भंगारात न टाकता लेबल लावून ठेवा. आणि नव्या भागावर तो बनवल्याचं साल कोरा, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला तो मूळचा वाटणार नाही. चौथं काम त्याहून तातडीचं आहे. शेडमध्ये काम केलेल्या निवृत्त कामगारांना त्या इंजिनापाशी आणून ते काय सांगतात, ते रेकॉर्ड करा. आटे आणि पत्रे पुन्हा बनवता येतात. ही माहिती एकदा गेली की कुठल्याच वर्कशॉपमध्ये बनत नाही.